दहा कुटुंबे, दहा थंड घरे: नाशिक परिसरात मिळून बांधकाम करताना कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

आठ-दहा कुटुंबे एकत्र येऊन घरे बांधायला घेतात तेव्हा काम बहुतेक वेळा दोनच ठिकाणी फसते. एक म्हणजे नकाशे पक्के होण्याआधीच विटा-सिमेंटचा सौदा होतो. दुसरे, पैसा फरशी, दर्शनी भाग आणि मोठ्या दारात संपतो आणि छताच्या वाट्याला फक्त कोब्यापुरती, म्हणजे विटांचे तुकडे व सिमेंटच्या गळती रोखणाऱ्या थरापुरती, रक्कम उरते. मग एप्रिलपासून स्लॅबखाली रात्री झोप लागत नाही, कूलर येतो आणि कमी खर्चातले घर दर महिन्याला विजेचे बिल वाढवत राहते. म्हणून एक नियम सुरुवातीलाच ठरवा: ठरवायचे ते सगळे खरेदीच्या आधी, आणि पैसे राखून ठेवायचे ते पहिले छतासाठी.

पुढचे आकडे ३० चौरस मीटर कार्पेटच्या (भिंतींच्या आतल्या वापरण्याजोग्या जागेच्या), बाहेरून सुमारे ३६ चौरस मीटर भरणाऱ्या एकमजली घराचे आहेत. गट दहा घरांचा धरला आहे. तुमचे घर लहान-मोठे असेल तर त्या प्रमाणात हिशोब बदला.

## १. गट आणि लेखी करार

गट आठ ते बारा घरांचा ठेवा. त्याहून लहान गटाला पुरवठादार दर कमी करत नाही, आणि त्याहून मोठ्या गटात एकेका निर्णयाला महिना जातो. मालकी ज्याची त्याच्या नावावर आणि खरेदी, देखरेख, तपासणी मात्र सगळ्यांची, ही रचना सर्वांत कमी भांडणाची. जमीन एकत्र घेऊन नंतर वाटून घेऊ, हा विचार ऐकायला छान वाटतो, पण कर्ज, अनुदान आणि नोंदणी अशा तिन्ही ठिकाणी तो अडतो.

कराराचा कागद दोन पानांचा पुरे. त्यात एवढे हवेच:

- संयुक्त बँक खाते तीन वेगवेगळ्या कुटुंबांतील व्यक्तींच्या नावे, आणि पैसे काढायला त्यांपैकी दोघांच्या सह्या.
- कोणत्या टप्प्यावर प्रत्येकाने किती रक्कम भरायची. ठरलेल्या तारखेला भरली नाही तर त्या घराचे काम थांबेल, बाकीच्यांचे नाही.
- घरांचा क्रम. पहिला स्लॅब कोणाचा, हे चिठ्ठ्या टाकून आजच ठरवा. पाया झाल्यावर हा विषय निघाला की गट फुटतो.
- श्रमदानाचे तास. प्रत्येक घराचे तास सारखे. जे येऊ शकणार नाहीत त्यांनी तेवढ्या दिवसांची बिगारीची मजुरी खात्यात भरायची.
- गट मध्येच सोडणाऱ्याला काय परत मिळेल आणि कधी.

श्रमदान कशासाठी वापरायचे, हेही लिहून ठेवा. विटा मोजून घेणे, माल हलवणे, पाणी मारणे, रात्रीची राखण आणि मुरूम पसरणे ही कामे घरच्यांनी करावीत. सेंट्रिंग (काँक्रीट ओतण्यासाठीचा साचा आणि टेकू), सळई बांधणी, वीजजोडणी आणि वॉटरप्रूफिंग यांत हौशी हात नको.

नोंदवही सांभाळायचे काम बचत गटात हिशोब ठेवलेल्या बाईकडे द्या. आवक, गोणींची संख्या, हजेरी हे रोजच्या रोज लिहायची सवय त्यांना असते, आणि दिवसा जागेवर बहुतेक त्याच असतात.

तपासा: करारावर पती-पत्नी दोघांच्या सह्या आहेत का? एकाच्याच सहीने पुढे ‘मला विचारलेच नव्हते’ हा वाद उभा राहतो.

## २. जमीन, परवानगी आणि अनुदान

सातबारा, फेरफार, मोजणीची नक्कल, झोन दाखला आणि मंजूर ले-आउट ही पाच कागदपत्रे वकिलाला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका. गुंठेवारीचा, म्हणजे मंजूर ले-आउटशिवाय तुकडे पाडून विकलेला, प्लॉट असेल तर ‘नियमित होणार आहे’ या शब्दावर थांबू नका. नियमितीकरणाचे प्रमाणपत्र हातात हवे. प्लॉट महापालिका हद्दीत येतो, ग्रामपंचायतीत येतो की महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात, यावर परवानगी कोण देणार ते ठरते. हद्दीजवळच्या गावांत लोक चुकीच्या कार्यालयात दोन-दोन महिने घालवतात.

गोदावरी, नासर्डी, वालदेवी किंवा वाघाडीच्या जवळचा प्लॉट असेल तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर पाहा. निळ्या रेषेच्या आतला प्लॉट कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

२०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने लहान भूखंडांवरील घरांची परवानगी बरीच सोपी केली. पण सोपी परवानगी अधिकृत भूखंडालाच मिळते. ले-आउट मंजूर नसेल तर ही सवलत तुमच्यासाठी नाही.

शहरी भागात प्रधानमंत्री आवास योजना २.० मध्ये स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यांसाठी घटक आहे. वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत, देशात कुठेही पक्के घर नाही आणि घर ३० ते ४५ चौरस मीटर, अशा अटी आहेत. केंद्र व राज्य मिळून २.५ लाख रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात. ग्रामीण योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचे लागते. दोन्हीकडे प्रत्येक टप्प्याचे जिओ-टॅगिंगसह (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो घेतले जातात आणि सुरुवात मोकळ्या जागेच्या फोटोपासून होते.

सावधान: मंजुरी यायच्या आधी पाया खोदू नका. ‘येईलच मंजुरी’ म्हणून जोत्यापर्यंत काम नेलेले घर अनुदानातून बाद होऊ शकते. अनुदानाचा हप्ता उशिरा येईल असे धरून एका टप्प्याचे पैसे गटाच्या खात्यात आधी जमा ठेवा.

## ३. मातीची तपासणी

गोदाकाठ, निफाड, आडगावच्या पट्ट्यात काळी माती खोल असू शकते, तर शहराच्या दुसऱ्या टोकाला हातभर खाली मुरूम किंवा काळा पाषाण लागतो. शेजारच्या घराचा पाया पाहून आपला ठरवू नका. दहा प्लॉट सलग असले तरी किमान तीन ठिकाणी २ मीटर खोल चाचणी खड्डे घ्या: दोन टोकांना आणि एक मध्ये. कडक मुरूम कितीवर लागला ते तिन्ही ठिकाणी लिहा आणि फोटो काढा.

साधारण दीड मीटरच्या आत कडक मुरूम लागला तर काळी माती पूर्ण काढून मुरमावर पाया घ्या. त्याहून खोल असेल तर रचना अभियंत्याला बोलवाच. अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर केलेले खोल काँक्रीटचे खांब) आणि त्यावर बीम हा मार्ग अशा मातीत वापरला जातो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भिंतींच्या तिरप्या भेगा तिथूनच सुरू होतात. थंड घरासाठी केलेला बाकीचा सगळा खर्च मग त्या भेगा बुजवण्यात जातो.

नाशिक भूकंप क्षेत्र ३ मध्ये येते. एकमजली घरालाही जोते आणि लिंटेल (दार-खिडकीवरची तुळई) अशा दोन पातळ्यांवर सलग आरसीसी (सळईच्या काँक्रीटचा) पट्टा आणि कोपऱ्यांत उभी सळई हवीच. अंदाजपत्रकात ही ओळ नसेल तर ते परत पाठवा.

## ४. नकाशा: ऊन कुठून येते ते आधी

नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून २० मेच्या सुमारास इथे शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. ऐन उन्हाळ्यात दुपारचे ऊन भिंतींपेक्षा छतावर जास्त पडते. एकमजली घरात पहिला शत्रू छत, दुसरा पश्चिमेची भिंत. बाकी भिंती त्यानंतर.

त्यावरून नकाशाचे नियम निघतात.

घराची लांब बाजू शक्यतो पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे मोठ्या भिंती उत्तर-दक्षिणेला येतात. पश्चिमेला संडास-मोरी, कपाटे आणि बाहेरचा जिना घ्या. जिन्याची सावली भिंतीवर पडते आणि त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही. झोपायची खोली पश्चिमेच्या कोपऱ्यात टाकू नका. संध्याकाळी सातला तापलेली भिंत रात्री अकरापर्यंत आत उष्णता सोडत राहते.

दक्षिणेच्या १.२ मीटर उंच खिडकीला, तिच्या वरच्या कडेलगत, ४५० मिमीचा छज्जा पुरतो. मार्च ते सप्टेंबर दुपारच्या वेळी पूर्ण काच सावलीत राहते, आणि डिसेंबरात ऊन निम्म्याहून जास्त खिडकीतून आत येते. निफाडकडची थंडी पाहता ते हवेच असते. पश्चिमेला मात्र छज्ज्याचा फारसा उपयोग नाही, कारण ऊन तिरपे येते. तिथे खिडकी लहान ठेवा, बाहेरून उभी जाळी किंवा बांबूचा पडदा लावा. आणखी एक गोष्ट बऱ्याच नकाशांत सुटते: मे-जूनमध्ये सूर्य वायव्येकडे सरकून मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतही संध्याकाळी ऊन शिरते. तिच्या पश्चिमेकडच्या कडेला एक उभी पट्टी घ्या.

सावलीसाठी पश्चिमेला झाड उत्तम, पण काळ्या मातीत ते भिंतीला खेटून लावू नका. मुळे पायाखालचा ओलावा ओढतात आणि माती तिथेच जास्त आकसते. झाड पूर्ण वाढल्यावर जेवढे उंच होईल, साधारण तेवढे अंतर ठेवा.

### खिडकी किती उघडते ते मोजा

खोलीच्या क्षेत्रफळाच्या साधारण १२.५ टक्के भाग प्रत्यक्ष उघडणारा हवा. ९ चौरस मीटरच्या खोलीला हे १.१३ चौरस मीटर होते. आता १.२ बाय १.२ मीटरची सरकती खिडकी घेतली तर क्षेत्रफळ १.४४, पण उघडते फक्त निम्मी, म्हणजे ०.७२. कागदावर खिडकी मोठी आणि खोलीत हवा कमी, याचे कारण बहुतेक हेच असते. पल्ल्याची खिडकी घ्या, ती जवळजवळ पूर्ण उघडते. समोरासमोरच्या दोन भिंतींत खिडक्या आणि छताजवळ बंद करता येणारे झरोके ठेवा.

उन्हाळ्यातही इथल्या रात्री दिवसापेक्षा बऱ्याच थंड असतात. हा नाशिकचा मोठा फायदा आहे. तो हातचा जाऊ देऊ नका. पण रात्री खिडक्या उघड्या ठेवायच्या तर गज आणि डासांची जाळी पहिल्या दिवसापासून लागते. ती ‘नंतर बघू’ म्हटली की खिडक्या बंदच राहतात आणि वायुवीजनाची सगळी आखणी कागदावर राहते.

तपासा: दहाही घरांना खिडक्यांचे माप एकच आणि जास्तीत जास्त तीन प्रकारांत बसते का? मापे एकसारखी असली तरच ग्रिल, चौकटी आणि जाळ्यांना गटाचा दर मिळतो.

## ५. अंदाजपत्रक आणि खरेदी

नकाशावर सगळ्यांच्या सह्या झाल्यावरच अंदाजपत्रक करा, आणि छताची रक्कम त्यात वेगळी, हात न लावता येणारी ठेवा. टाइल्स, रंग, किचन ओट्याचा दगड या ओळी सगळ्यात शेवटी ठेवा. पैसे कमी पडले तर तिथे तडजोड करता येते.

पुरवठादाराकडून दर दहा घरांचा घ्या, पण माल टप्प्याटप्प्याने उतरवा. विशेषतः सिमेंट. सगळ्या घरांचे सिमेंट एकदम आणून ठेवणे ही गटांची आवडती चूक. गोणीवरचा उत्पादनाचा आठवडा पाहा, तीन महिन्यांपेक्षा जुने घेऊ नका, फळ्यांवर जमिनीपासून १५० मिमी वर आणि भिंतीपासून ३०० मिमी दूर रचा, आणि थप्पी दहा गोणींच्या वर नेऊ नका.

क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) आणि खडी ब्रासने येते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. डंपरच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची टेपने मोजून नोंदवहीत लिहा, मगच चलनावर सही करा. भाडे कोणाचे आणि उतराई कोणाची, हे लेखी घ्या. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांमुळे गाड्या आणि मिस्त्री दोन्ही अडकून पडू शकतात, म्हणून दर किती तारखेपर्यंत कायम आहे तेही कोटेशनवर लिहून घ्या.

विटांसाठी फ्लाय अ‍ॅशची वीट सोयीची. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रामुळे राख जवळच मिळते, वीट मापात एकसारखी येते आणि गिलावा कमी लागतो. २३० बाय ११० बाय ७५ मिमीची, ७.५ न्यूटन वर्गाची (दर चौरस मिमीला तेवढा दाब सोसणारी) वीट मागा. गाडी उतरवण्याआधी: दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज येतो का, कडा नखाने झडतात का, आणि कोरड्या विटेचे वजन करून २४ तास पाण्यात ठेवल्यावर वजन २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढते का, हे पाहा. दाबाची चाचणी प्रयोगशाळेतून करून घ्या. दिंडोरी रोडवरच्या मेरीत (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत) किंवा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात चौकशी करा. दहा घरांत वाटला तर हा खर्च नगण्य असतो, आणि एकट्या घरमालकाला तो कधीच परवडत नाही. गटाचा खरा फायदा इथेच आहे.

एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा) उष्णतेला विटेपेक्षा बराच जास्त अडवतो. पण एकमजली भारवाहक भिंतीसाठी या लेखात विटेचाच विचार केला आहे. ब्लॉक वापरायचे तर बहुतेक वेळा आरसीसी चौकट लागते, आणि छोट्या घराला तो खर्च जड जातो.

### वेळापत्रक

दिवाळीनंतर खोदाई, संक्रांतीपर्यंत जोते, होळीच्या आसपास स्लॅब, मेअखेर वॉटरप्रूफिंग. ऑक्टोबर छाटणी आणि जानेवारीपासूनच्या द्राक्षकाढणीत दिंडोरी-निफाडकडचे बरेच मजूर बागांत असतात, म्हणून बिगारींशी बोलणी आधी करा.

मिस्त्रीशी मजुरीचा दर चौरस फुटाने ठरतो तेव्हा मोजमाप कशाचे, ते लिहा: जोत्याचे की स्लॅबचे, छज्जे आणि ओटा धरून की वगळून, सेंट्रिंग त्याचे की तुमचे, पाणी कोण मारणार. आगाऊ रक्कम साहित्याच्या प्रमाणातच द्या. एकूण मजुरीच्या ५ टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा, आणि ही अट पहिल्या दिवशी सांगा, शेवटच्या दिवशी नाही.

## ६. पाया आणि जोते

दहाही घरांची आखणी एकाच दिवशी, एकाच मूळ रेषेवरून करा. कर्ण मोजून आखणी गुण्यात (काटकोनात) आहे का ते पाहा. पायाच्या काँक्रीटमध्ये सळईला ५० मिमी कव्हर (बाहेरून काँक्रीटचा थर) ठेवा.

जोत्यात भराव फक्त मुरमाचा, १५० मिमीच्या थरांत, पाणी मारून धुम्मस करून. खोदलेली काळी माती ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून पुन्हा जोत्यात भरली जाते, आणि वर्षभरात फरशी मध्येच वर उचलली जाते. ती माती बागेत टाका किंवा गाडी लावून हलवा. जोते रस्त्यापासून किमान ४५० मिमी उंच ठेवा. भिंतीभोवती ७५० मिमी ते १ मीटर रुंदीचा, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा काढा, म्हणजे पावळीचे पाणी पायात मुरत नाही.

तपासा: वाळवीची प्रक्रिया भरावावर, फरशीचा कोबा टाकण्याआधी झाली का?

## ७. भिंती: रॅट ट्रॅप जोडाई

वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची. दोन उभ्या विटांच्या मध्ये सुमारे ८० मिमी पोकळी राहते आणि भिंत २३० मिमीचीच होते. साध्या जोडाईत चौरस मीटरला साधारण ९७ विटा लागतात, यात ७७. आपल्या घराच्या सुमारे ६४ चौरस मीटर बाहेरच्या भिंतीत जवळपास १,३०० विटा वाचतात. दहा घरांत १३,०००. मसाला कमी लागतो, आणि पोकळीमुळे उष्णता आत यायला उशीर होतो.

क्रम असा:

१. जोत्यावर पहिला थर भरीव, साध्या पद्धतीने.
२. त्यावर उभ्या विटांचे थर, प्रत्येक थर मसाल्यासह १२० मिमी.
३. कोपरे, दार-खिडकीच्या बाजू, खिडकीखालचा थर आणि लिंटेलखालचा थर भरीव.
४. कोपऱ्यातल्या पोकळीत उभी सळई सोडून काँक्रीट भरणे, दर तीन-चार थरांनी.
५. लिंटेल पातळीवर सलग पट्टा. स्लॅबखालचा शेवटचा थर पुन्हा भरीव.

मिस्त्रीला ही जोडाई ठाऊक नसेल तर थेट घराच्या भिंतीवर शिकू देऊ नका. आधी एक मीटर उंच आणि दोन मीटर लांब, एका कोपऱ्यासह नमुना भिंत बांधून घ्या, पाहा, मोडा. विटा पुन्हा वापरता येतात. सर्वांत सामान्य चूक म्हणजे पोकळीत मसाला पडू देणे. पोकळी भरली की बचतही गेली आणि थंडावाही. पोकळीवर फळी ठेवून मसाला लावायचा आणि फळी उचलून पुढे सरकायचे.

विजेच्या नळ्या जोडाई चालू असतानाच पोकळीतून सोडा. नंतर छिन्नी-हातोड्याने झिरी पाडली तर ७५ मिमीची वीट फुटते. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये वायरिंग करणारा माणूस गटात असेल तर त्याला नकाशावर खुणा करायला आधीच बसवा.

भिंतीला सात दिवस, दिवसातून तीन वेळा पाणी. बाहेरून फिकट रंग द्या. गडद विटकरी किंवा करडा रंग पश्चिमेला अजिबात नको.

## ८. स्लॅब आणि छत

इथे घाई करू नका. सगळ्या घराचा थंडावा या टप्प्यावर ठरतो.

### स्लॅबचा दिवस

३६ चौरस मीटर, १२५ मिमी जाडी म्हणजे ४.५ घनमीटर काँक्रीट. १:१.५:३ प्रमाणात साधारण ३६ गोणी सिमेंट लागते. ४० तयार ठेवा. एका गोणीला पाणी २५ ते २७ लिटर, कोणत्याही परिस्थितीत ३० च्या वर नाही. मिक्सरवर बादलीला खूण करून एक माणूस फक्त पाण्यावर ठेवा. काँक्रीट ‘पळत नाही’ म्हणून पाणी वाढवले जाते आणि गळती तिथेच जन्माला येते.

ओतण्याआधी: सळईखाली २० मिमी कव्हर ब्लॉक, पंख्याचे हूक, विजेच्या नळ्या, पाणी उतरायच्या पाइपची जागा आणि सोलरच्या स्टँडसाठी चौथऱ्यांच्या सळया. काँक्रीट घट्ट बसवणारा व्हायब्रेटर एक जास्तीचा, जागेवर चालू करून पाहिलेला हवा.

दुसऱ्या दिवशी आळे करून ५० मिमी पाणी. एका स्लॅबला हे १,८०० लिटर होते, तेही रोज आटते. दहा घरांचे पाणी कुठून येणार, ते स्लॅबच्या आधी ठरवा. किमान दहा दिवस पाणी राहू द्या. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू सात दिवसांआधी आणि बीमचे चौदा दिवसांआधी काढू नका. ‘पुढच्या घराला प्लेटा हव्यात’ हे लवकर सेंट्रिंग सोडवण्याचे कारण होऊ शकत नाही. दोन घरांपुरते सेंट्रिंग गटाने आधीच बोलून ठेवावे.

### इन्सुलेशन

उघड्या स्लॅबची यू-व्हॅल्यू ३ पेक्षा जास्त असते, म्हणजे एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे ३ वॅटहून जास्त उष्णता आत येते. १०० मिमीचा विटांचा कोबा टाकल्यावरही ती २ च्या वरच राहते. २०१८ च्या इको-निवास संहितेत छतासाठी कमाल मर्यादा १.२ आहे. कोबा हे वॉटरप्रूफिंग आहे, इन्सुलेशन नव्हे. या एका गैरसमजामुळे शेकडो घरे तापतात. २५ मिमी जाडीचा एक्सपीएस बोर्ड (कडक पॉलिस्टायरीन फोमचा तक्ता) टाकला की यू-व्हॅल्यू साधारण ०.८५ पर्यंत येते. ५० मिमी घेतला तर आणखी उत्तम, पण पैसे कमी असतील तर २५ वर समाधान माना. शून्यावर मात्र नको.

थरांचा क्रम:

१. स्लॅब स्वच्छ करून कठड्याच्या कोपऱ्यांत मसाल्याची गोलाई.
२. वॉटरप्रूफिंगचा लेप दोन हात, कठड्यावर ३०० मिमी चढवून.
३. ४८ तास पाणी साठवून गळतीची चाचणी. ओल दिसली तर इथेच थांबा.
४. पूर्ण सुकल्यावर एक्सपीएस बोर्ड, सांधे एका ओळीत न आणता, सांध्यांवर चिकटपट्टी.
५. त्यावर प्लास्टिक कागद.
६. ५० मिमी काँक्रीट, आत कोंबडी-जाळी, पाइपकडे १०० ला १ उतार.
७. वर पांढऱ्या चिनी तुकड्यांचे मोझॅक किंवा फिकट टाइल.

सावधान: सोलर किंवा टाकीचा स्टँड बसवताना वरून ड्रिल मारले की वॉटरप्रूफिंग संपले. चौथरे आधी, लेप नंतर. बोर्ड ओल्या स्लॅबवर टाकला तर पाणी आत अडकते आणि वर्षभर छताला पोपडे येतात.

तीन-चार वर्षांत वरचा मजला चढवायचा असेल तर हा खर्च आत्ता करू नका. लेप, पातळ कोबा आणि त्यावर दरवर्षी फेब्रुवारीअखेर गोंद घातलेल्या चुन्याचे दोन-तीन हात द्या. पांढरे छत ऊन परतवते; पण धूळ बसली की गुण उतरतो, म्हणून दरवर्षी करावेच लागते. चुना दिलेल्या छतावरचे पहिल्या पावसाचे पाणी टाकीत घेऊ नका.

इगतपुरी-त्र्यंबककडे हा सपाट छताचा आराखडा जसाच्या तसा नेऊ नका. तिथल्या पावसाला उतरते छप्पर, बाहेर आलेली पावळी आणि खाली हवेशीर माळा हेच योग्य.

## ९. वीज आणि सोलर

जुना पंखा ७० ते ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. दहा घरांचे तीस पंखे एकदम घ्या.

पीएम सूर्यघर योजनेत घरगुती सोलरला १ किलोवॅटला ३०,००० आणि २ किलोवॅटला ६०,००० रुपये अनुदान मिळते. १ किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर सावलीरहित छत लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. एवढ्या छोट्या घराला १ किलोवॅट बहुतेक वेळा पुरतो. अर्ज महावितरणच्या मीटरवरच्या नावाने होतो, म्हणून कायमची जोडणी घरमालकाच्या नावे आधी घ्या. बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीवर हे जमत नाही.

## १०. ताबा आणि पहिले वर्ष

ताबा घेताना कागदपत्रांची एक फाइल प्रत्येक घराला: प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे नकाशा, नळ्या आणि पाइप कुठून गेले त्याचे गिलाव्याआधीचे फोटो, चाचण्यांचे अहवाल, परवानगी आणि भोगवटा दाखला.

पहिल्या एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता आणि रात्री दहा वाजता दहाही घरांत एकाच प्रकारच्या थर्मामीटरने तापमान घ्या. एखादे घर बाकीच्यांपेक्षा ठळकपणे गरम निघाले तर आधी छताचा रंग व धूळ, मग रात्री खिडक्या प्रत्यक्ष उघडतात का, मग पश्चिमेची सावली, या क्रमाने शोधा. बोर्ड टाकताना जागा सुटली असेल तर ती आतून छताला ठिकठिकाणी हात लावूनही कळते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाइपची तोंडे आणि जाळ्या साफ करा, जोत्याभोवतीच्या पट्ट्याच्या भेगा भरा. ऑक्टोबरात दोन कुटुंबांनी मिळून तिसऱ्याचे घर तपासायचे: छताचे कोपरे, खिडकीखालच्या भिंती, जोत्यालगतची ओल. त्या यादीतली कामे मिस्त्रीने पूर्ण केली की राखून ठेवलेले ५ टक्के द्या, त्याच दिवशी आणि पूर्ण.